न्यायासन, लोकसभा आणि आमचे मत

न्यायाधीश मतपेटीतून निवडावा, ही कल्पना आमच्या वाचकांस विचित्र वाटेल. परंतु अमेरिकेतील अनेक राज्यांत तीच रीत आहे आणि राजकीय पक्ष त्या निवडणुकीवर अलोट पैसा ओततात. का? उत्तर कॅरोलिना राज्याचा दाखला पुरेसा आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या दोन जागा रिपब्लिकन पक्षाने जिंकल्या आणि न्यायालयातील बहुमत पालटले. पक्षहितासाठी मतदारसंघ आखू नयेत, हा स्वतःचाच आदला निर्णय त्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये फिरविला. विधिमंडळाने नवे नकाशे काढले. परिणामी २०२४ मध्ये त्या राज्याच्या १४ प्रतिनिधींत या पक्षाचे ७ होते, ते १० झाले. प्रतिनिधिगृहात बहुमतास २१८ लागतात. पक्षास मिळाले २२०. ते तीन नसते, तर सभागृहच हातचे गेले असते!

आमच्या राज्यघटनेने न्यायाधीशास मतपेटीपासून दूर ठेवले, हे शहाणपणाचेच होय. परंतु म्हणून आमच्या मताचे मोल उणे होत नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेस दिला आहे. बाबुलाल पराते यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली निर्वाळा दिला, की राज्य विधिमंडळाचे मत मागवावे लागते. ते संसदेवर बंधनकारक मात्र नाही. म्हणजे १९५६ साली पांढुर्णा-सौंसरच्या दक्षिणेस जी रेघ ओढली गेली, ती ठेवणे वा पुसणे सर्वस्वी संसदेच्या हाती आहे. आणि त्या संसदेत आमचा एकच प्रतिनिधी जातो.

छिंदवाड्याच्या या जागेची किंमत पक्षांनी केव्हाच ओळखली आहे. २०१९ मध्ये राज्यातील २९ जागांपैकी काँग्रेसने एवढी एकच राखली. २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाने तीही घेतली. सहा महिन्यांपूर्वीच पांढुर्णा व सौंसर या दोन्ही विधानसभा जागा काँग्रेसकडे गेल्या होत्या. येथील मतदार कोणाचा बांधील नाही, हेच यातून सिद्ध होते.

मग हा मतदार मत देताना काही मागतो काय? प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. तेथे मराठी शाळांचे काय, हा प्रश्न दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास विचारा. उत्तर मिळेपर्यंत मताचे वचन कोणासही देऊ नका.