भाकरीचे श्रेय कोणाचे?

ज्वारीची भाकरी खावी, असे आता सरकार सांगते. चांगलेच आहे. पण माजलगावच्या शिवारातल्या एखाद्या म्हातारीला हा सरकारी सल्ला ऐकवला, तर ती भाकरी थापता थापता विचारील, "मग आजवर काय खात होतो, बाबा?" या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी आपल्याकडे चढाओढ चालते ती श्रेयाची.

या चढाओढीत प्रत्येकाच्या हाती कागद आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये 'भरड धान्य' हे नाव पुसून 'पौष्टिक धान्य' असे नाव दिले. मार्च २०२१ मध्ये भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष या धान्यांना बहाल केले आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी त्यांना 'श्रीअन्न' म्हटले. काँग्रेस आघाडीकडेही दाखवण्यासारखे आहे. शरद पवार कृषिमंत्री असताना, २०११-१२ च्या अर्थसंकल्पात या धान्यांसाठी ३०० कोटींची तरतूद झाली होती आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ती एक रुपया किलोने देण्याचे वचन होते. राज्यानेही मार्च २०२३ मध्ये २०० कोटींचे मिलेट मिशन आणि सोलापूरला श्रीअन्न केंद्र जाहीर केले. वर्ष सरण्यापूर्वीच ते केंद्र बारामतीला नेण्यावरून वाद पेटला. ज्वारी कोठे पिकते यापेक्षा पाटी कोठे लागते, ही चिंता मोठी ठरली.

ज्यांचे श्रेय खरोखर आहे, ते या रांगेत नाहीत. १९१८ साली कुन्नूरला मॅककॅरिसन यांच्या छोट्या संशोधन केंद्रातून जी संस्था उभी राहिली, तीच आज हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. भारतीयांसाठी आहाराची पहिली मार्गदर्शक तत्त्वे तिने १९९८ मध्ये काढली. २०२४ च्या आवृत्तीत ती सतरा आहेत. या संस्थेने ज्वारीची आरती केली नाही, हे तिचे मोठेपण. १९६० मध्ये डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दख्खनमध्ये ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा का होतो, याचा शोध घेऊन त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिनशी जोडला. अर्थ एवढाच, की नुसत्या भाकरीने भागत नाही; ताटात डाळ, पालेभाजी, दूध हवे. आमच्या बायाबापड्या भाकरीबरोबर अंबाडीची भाजी, पिठले, कारळाची चटणी वाढत आल्या, ते कोणतेही पुस्तक न वाचता. ज्या घरात तेवढेही नव्हते, तेथे उणीव ज्ञानाची नव्हती, पैशाची होती.

मग ही ज्वारी मागे का पडली? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, सुकडीवर दिवस काढले. त्या आठवणींनी ज्वारीला गरिबीचा डाग लागला. पुढे रेशनच्या दुकानात आले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. कायद्यात एक रुपयाची ज्वारी आणि पिशवीत गहू-तांदूळ, अशी गत झाली. तरीही मालदांडी टिकली, याचे कारण सरकारी उत्तेजन नव्हे. बैलांना कडबा हवा आणि घराला भाकरी हवी, एवढा साधा व्यवहार तिच्यामागे होता.

माजलगावला या गोष्टीचा दुसरा अर्थही आहे. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर धरण झाले. पाणी आले आणि पाण्यामागे ऊसही आला. सरकारची एक पुस्तिका सांगते साखर कमी खा, आणि सरकारचीच सारी व्यवस्था सांगते ऊस लावा. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. उसाला कायद्याचा दर आणि हाकेच्या अंतरावर कारखाना आहे. ज्वारीचा हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, पण तो भाव देणारा दारात उभा नसतो. रब्बीची ज्वारी हातांनी उपटून काढावी लागते, मजुरी परवडत नाही, हेही त्यात आलेच. आणि याच बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊस तोडायला बाहेर पडतात. फडावर सकाळी थापलेली भाकरी दुपारी चटणीशी खाणाऱ्या त्या बाईला 'श्रीअन्न खा' असे कोण आणि कोणत्या तोंडाने सांगणार?

सल्ला देणे स्वस्त असते, सल्ला पाळता येईल अशी सोय करणे महाग पडते. म्हणून श्रेयाच्या दावेदारांना तीनच प्रश्न विचारावेत. आमच्या रेशनच्या दुकानात ज्वारी बारमाही मिळते काय? शाळेतल्या पोरांच्या ताटात ती डाळ-भाजीसह पोचते काय? आणि पिकवणाऱ्याकडून ती हमीभावाने विकत घेतली जाते काय? ज्याच्याकडे या तिन्हींची होकारार्थी उत्तरे असतील, त्याने खुशाल आपला फोटो फलकावर लावावा.

तोवर श्रेय त्या म्हातारीचेच. धान्य भरड ठरले तेव्हाही तिने ते थापले, आणि आता ते श्रीअन्न झाले तरी चूल तीच पेटवते आहे.