काडतुसाचे वेष्टन आणि सैनिकाचा विश्वास

१/ १८५७ च्या उठावाची कारणे लिहिताना आपण सारेच एक ओळ हमखास लिहितो : 'चरबी लावलेली काडतुसे'. त्या ओळीत शिपायाची धर्मभावना येते, पण काडतूस येत नाही. ते कशाचे होते, त्याला वंगण का लागत होते आणि ते वंगण कोणी निवडले? आजच्या धाग्यात हे प्रश्न विचारू.

२/ काडतूस म्हटले की आज पितळी पुंगळी डोळ्यांपुढे येते. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीचे काडतूस मात्र कागदी होते. कागदाच्या गुंडाळीत मोजून घातलेली दारू आणि शिशाची गोळी. शिपायाने टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी कागदासकट नळीच्या तोंडाशी बसवायची आणि गजाने ठासायची.

३/ जुन्या ब्राउन बेस बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती. तिच्यात गोळी सैल बसे, म्हणून वंगणाची गरज नसे. एनफिल्डच्या नळीत पीळदार खाचा कोरलेल्या होत्या. गोळी सहज खाली उतरावी आणि जळलेल्या दारूची काजळी नळीत घट्ट बसू नये, यासाठी कागदाच्या गोळीकडील भागाला वंगण लावलेले असे. वंगण ही यंत्राची गरज होती. ते कोणत्या पदार्थाचे असावे, हा मात्र माणसांनी घेतलेला निर्णय होता.

४/ धोक्याची सूचना वेळेवर मिळाली होती. १८५३ साली ही काडतुसे चाचणीसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हा बंगाल लष्कराचे अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल हेन्री टकर यांनी डिसेंबरात लेखी बजावले होते की, वंगण जातिधर्माला बाधक नाही याची खात्री असल्याखेरीज ती देशी पलटणींना देऊ नयेत. तीन वर्षांनी तोच प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्याचे उत्तर कोणाकडेच तयार नव्हते.

५/ जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे शंका उघडपणे बोलली जाऊ लागली. फोर्ट विल्यमच्या शस्त्रागारात वंगणासाठी चरबी वापरली जात होती. ती कोणत्या जनावराची, याची खातरजमा झालेली नव्हती. आक्षेपार्ह चरबी टाळण्याची विशेष काळजी घेतली गेली नाही, हे लष्करी अधिकाऱ्यांनीच मान्य केले. म्हणून शिपायांच्या शंकेला 'अफवा' म्हणून निकालात काढणे मला पटत नाही. सरकारलाच ज्याचे उत्तर ठाऊक नव्हते, असा प्रश्न ते विचारत होते.

६/ जानेवारीच्या अखेरीस सरकारने काडतुसे वंगणाविना देऊन शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली. तोवर संशय कागदापर्यंत पोहोचला होता. फेब्रुवारीत बराकपूरचे शिपाई म्हणू लागले की, हा नवा कागद तकतकीत आहे, त्यात चरबी असली पाहिजे. रासायनिक तपासणीत चरबी सापडली नाही, पण त्या निष्कर्षावर कोणाचाही विश्वास बसला नाही.

७/ २४ एप्रिल रोजी मीरतला ९० घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे नाकारली. ती जुन्याच प्रकारची होती आणि दातांऐवजी हाताने फाडण्याची सवलतही होती. ९ मे रोजी या शिपायांना सर्वांसमोर बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मे रोजी उठाव झाला. त्या काडतुसांत दोष नव्हता. ती देणाऱ्याचा शब्द मात्र कवडीमोल झाला होता.

८/ काडतुसे हे केवळ निमित्त होते, खरी कारणे अवधचे विलीनीकरण, वेतन आणि १८५६ चा सामान्य सेवा भरती कायदा, असे म्हणता येईल. ही कारणे मोठी आहेतच. परंतु त्या काळी उत्तरेत असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांचा विषय येतो. दूरच्या धोरणाचा स्पर्श शिपायाच्या हाताला आणि ओठांना झाला तो याच वस्तूतून.

९/ आता या साम्राज्याच्या गोऱ्या सैनिकाकडे पाहू. १८६६ साली वूलिच येथील कर्नल एडवर्ड बॉक्सर यांचे काडतूस आले. त्याची पुंगळी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली आणि बूड वेगळे जोडलेले. पुढे मार्टिनी-हेन्री रायफलीलाही हाच प्रकार मिळाला. अमेरिकेत अखंड पितळी पुंगळ्या बनत असताना ब्रिटिश पायदळ गुंडाळीच्याच पुंगळ्या वापरत राहिले.

१०/ १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानमधील अबू क्लेआच्या लढाईत रायफली अडकल्याच्या तक्रारी झाल्या. तापलेल्या रायफलीत पातळ पत्रा चिकटून बसे आणि ओढणारा आकडा बूड तेवढे उचकटून आणी. शत्रू समोर असताना सैनिक पुंगळी काढत बसे. यानंतर अखंड ओढीव पितळी पुंगळ्या आल्या.

११/ पितळच का? बार उडताच पुंगळी फुगून रायफलीच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. क्षणात ती किंचित आक्रसते, म्हणून सहज बाहेर निघते. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त या मिश्रणाला हे उत्तम साधते. शिवाय पितळ लोखंडासारखे गंजत नाही.

१२/ पण तांबे युद्धात सर्वांनाच हवे असते. १९४३ साली अमेरिकेने एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले आणि ब्रिटिश हिंदुस्थानात भोकाचा पैसा आला. जर्मनीने रायफलीच्या पुंगळ्या पोलादाच्या केल्या. पोलाद गंजते आणि पितळेइतके आक्रसत नाही, म्हणून त्यावर लाखेसारखा लेप चढवला गेला.

१३/ सोव्हिएत रशियाच्या ७.६२ × ३९ मिमी काडतुसाची पुंगळीही बहुधा पोलादी, लेप किंवा तांब्याचा मुलामा दिलेली असते. परंतु तिचा आकार पुढे निमुळता असल्यामुळे ती लवकर सुटते. साहित्य स्वस्त असणे म्हणजे सैनिकाशी दगाबाजी नव्हे. त्या साहित्याचे दोष ओळखून बाकीची रचना केली, तर तेही विश्वासार्ह ठरते.

१४/ माझे म्हणणे एवढेच : वेष्टन आणि लेप यांचा निर्णय कचेरीत होतो, त्याची परीक्षा सैनिकाच्या हातात होते. बॉक्सरच्या पुंगळीचा दोष घडण बदलून दूर झाला. १८५७ मध्ये वंगण बदलूनही काही सावरले नाही, कारण 'हे कशाचे आहे?' या साध्या प्रश्नाला वेळेवर खरे उत्तर मिळाले नव्हते. यापुढे 'चरबी लावलेली काडतुसे' ही ओळ लिहाल, तेव्हा तिच्यासोबत हा प्रश्नही लिहा.