जामीनदाराच्या सहीआधी
जून-जुलैत बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलासमोर बाप-लेक बसलेले दिसतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, सातबारा, आणि शेजारी जामीनदार म्हणून गावाहून आणलेला मामा. पदवीला मी कमी लेखत नाही. घरातलं पहिलं पोर शिकलं की पाठच्या भावंडांची वाट मोकळी होते, हे डोळ्यांनी पाहिलंय. पण हिशेब मांडायलाच हवा. इंजिनिअरिंगसाठी ७ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, दरवर्षी थोडं थोडं उचललेलं. शिकण्याची चार वर्षं आणि सवलतीचं एक वर्ष व्याज चढतच राहतं. फेड सुरू होते तेव्हा आकडा साडेनऊ लाखांच्या घरात गेलेला असतो. मग दहा वर्षं, महिन्याला साडेबारा हजार. पहिला पगार वीस हजार असेल तर पुण्यात खोलीभाडं भरायचं कशातून? तेव्हा कॉलेजची चकचकीत इमारत पाहून भुलू नका. तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेली चार-पाच मुलं गाठा आणि हातात किती पगार पडतो ते विचारा. मुलगी शिकणार असेल, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर केंद्रीभूत प्रवेशफेरीतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी २०२४पासून राज्य सरकार भरतं. मामाला सहीला बसवण्याआधी एवढी चौकशी कराच.