चौथा की बाविसावा?

काचीगुड्याचं बैठं घर सोडून कोकापेटला फ्लॅट घ्यायचं ठरलं, तेव्हा मला २२वा मजला हवा होता. गंडीपेटचा तलाव दिसतो, धूळ कमी, हॉर्न ऐकू येत नाहीत. ‘फ्लोअर राइज’, म्हणजे वरच्या प्रत्येक मजल्यामागे चौरस फुटाला वाढत जाणारा दर, तोही एक्सेलमध्ये मांडून झाला होता. हैदराबादेत एफएसआयची मर्यादा नाही, टॉवर चाळीस-पन्नास मजल्यांवर जातात. त्यात बाविसावा म्हणजे मधलाच!

बाबांनी शीट पाहिलं. “लिफ्ट बंद पडली तर?”

“जनरेटर असतो, बाबा.”

“आणि आग लागली तर?”

आगीत लिफ्ट वापरायची नसते. मजल्याला २० पायऱ्या धरल्या तर चारशेच्या वर होतात. उंच इमारतीत ठरावीक अंतरावर आसऱ्यासाठी मोकळी जागा, ‘रेफ्यूज एरिया’, ठेवावीच लागते, हे मी ऐकवलं. पण आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तिला घेऊन धुरातून दोन मजले तरी मला उतरता येतील का? माझ्या शीटमध्ये हा रकानाच नव्हता.

चौथा बुक केला. डास येणार, क्लबहाउसचा दणदणाटही. बायकोने जाळीवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवलाय.

आई खूश आहे. “चौथ्यावर भाजीवाल्याची हाक ऐकू येईल,” म्हणते. तिथे भाजीवाल्याला गेटच्या आत सोडत नाहीत, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.