खुंटीवरची बंदूक



किनवट तालुक्यात माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. मागे एकदा दिवाळीच्या आधी गेलो, तेव्हा घर सारवून-झाडून चाललं होतं. ताई हातात फडकं घेऊन ओसरीच्या भिंतीवरची ठासणीची बंदूक पुसत होती. खाली तिचा नातू चेंडू खेळत होता. मी सहज विचारलं, "दाजी, ही भरलेली आहे का रिकामी?"

दाजी म्हणाले, "कुणाला ठाऊक? आबा गेल्यापासून हात कुणी लावलाय तिला?"

आबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा दिवाळ्या ताईनं ती बंदूक पुसली होती.

काडतुसाची बंदूक मोडून पाहता येते, आत काय आहे ते डोळ्यांना दिसतं. ठासणीच्या बंदुकीचं तसं नाही. तिची दारू, बोळा, छर्रे सगळं तोंडातून आत जातं आणि तळाशी बसतं. बाहेरून भरलेली आणि रिकामी बंदूक सारखीच दिसते. शिवाय काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं मरत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या सेंट्रल पार्कमध्ये १७८० साली बुडालेल्या जहाजावरची एक जुनी तोफ होती. २०१३ च्या जानेवारीत कामगार तिचा गंज काढत होते, तर आत बोळा, गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू निघाली. पोलिसांनी ती काढली, तेव्हा अजून पेट घेण्याजोगी होती. दोनशे वर्षांवर गेलेल्या तोफेची ही कथा. मग आबांच्या सहा वर्षांचं काय घेऊन बसलात!

आम्ही आधी पोराला आणि बायकांना परसात पाठवलं. बंदुकीचं तोंड मोकळ्या पडीक रानाकडे ठेवून घोड्याखालच्या बोंडावर टोपी आहे का ते पाहिलं. टोपी नव्हती, पण एवढ्यावर ती रिकामी ठरत नाही. मग गज घेतला. तोंडासमोर डोकं वा तळहात न आणता तो दोन बोटांनी हळूच आत सोडला. जिथे टेकला तिथे नळीच्या तोंडाशी गजावर खडूची खूण केली. गज बाहेर काढून खूण तोंडाशी जुळवून नळीच्या बाजूला धरला. नळी रिकामी असती तर गजाचं टोक बोंडापाशी आलं असतं. ते चांगलं चार बोटं अलीकडे राहिलं.

दाजी मटकन खालीच बसले.

अशा वेळी बोळा तारेने उकरू नये, नळी चुलीजवळ वा उन्हात तापवू नये, आणि "बघू उडते का" म्हणून टोपी लावून चाप तर मुळीच ओढू नये. आत गंज किती, दारू किती, बोळा किती सरकलाय, कशाचा भरवसा नसतो. आम्ही पोलीस ठाण्यात कळवलं आणि जाणत्या माणसाकडून ती रिकामी करवून घेतली. धारक वारला की बंदूक वारसाची आपोआप होत नाही, हेही तेव्हा दाजींना समजलं. वारसाने नव्या परवान्यासाठी अर्ज करायचा आणि तोवर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा ठेवायची.

आता ज्यांच्याकडे पीकरक्षणाचा चालू परवाना आहे त्यांच्याशी बोलतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. माहूर-किनवटच्या डोंगरातून डुकरं उतरतात, लातूरकडे मांजराकाठच्या उसात त्यांचा मुक्काम असतो. रात्रभर जागून हंगाम राखणाऱ्याचं दुःख मला ठाऊक आहे. पण पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर असो की रोही, वन विभागाच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. बहुतेकांचं काम आवाजानेच भागतं. मात्र आवाजाचा बारही बारच असतो, जवळून बोळासुद्धा माणसाला फोडतो.

पहिली गोष्ट गजाची. नळी रिकामी असताना गजावर एक पक्की खाच करा. नेहमीचा बार भरून झाला की दुसरी. या दोन खाचा म्हणजे तुमच्या बंदुकीची पासबुकातली नोंदच समजा. भरण्याआधी पहिली खाच पाहायची, भरल्यावर दुसरी. मचाणावर अंधारात, झोपेच्या डोळ्यांनी एकावर एक दोन बार भरले जातात आणि नळी फाटते ती अशीच. दुसरी खाच वर राहिली तर एक तर बार दुबार आहे, नाहीतर बोळा दारूवर नीट टेकलेला नाही. दारू आणि बोळा यांत पोकळी राहिली तरी नळी फुगते, फाटते.

दारू बंदुकीसाठी विकतात तीच, परवानाधारक दुकानातून, पावती घेऊन. काडतुसातली दारू, फटाक्यातली दारू, काड्यापेटीचा गूल यांतलं काहीही नळीत घालू नका. त्यांचा जोर वेगळा असतो, नळी तो सोसत नाही. मापही बंदूक बनवणाऱ्याने ठरवलेलं तेवढंच. दुप्पट दारूने दुप्पट आवाज होतो असं कुणी सांगितलं तर त्याची बोटं मोजून पाहा.

शिंगातून वा डब्यातून थेट नळीत ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर सगळा डबा हातात पेटतो. दारू वेगळ्या मापट्यात घ्या, डबा बंद करून दूर ठेवा, मग ओता. १७६० साली उदगीरला मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता. तोफांच्या त्या काळात दोन बारांच्या मध्ये ओला बोळा फिरवून नळी विझवत असत. तुम्हीही ओलं फडकं फिरवा, मग कोरडं. आणि भरताना बिडी नको, कंदील नको.

टोपी सर्वांत शेवटी, तोंड मोकळ्या दिशेला असताना. त्या दिशेला शेजारचं मचाण नाही ना, राखणदार झोपलेला नाही ना, हे दिवसाउजेडी पाहून ठेवलेलं असावं. बार फुसका गेला तर बंदूक खाली घेऊ नका, नळीत डोकावू नका. तोंड तिकडेच ठेवून पुरतं एक मिनिट थांबा. कधी कधी तो उशिराने उडतो. कागद-चिंधीचा बोळा धुमसत जाऊन पडतो, म्हणून कडब्याची गंजी किंवा सोयाबीनची बनीम त्या बाजूला असेल तर बार नकोच.

सकाळी घरी भरलेली बंदूक न्यायची नाही. बंदूक रिकामी करून, गजाने पाहून मगच वाट धरावी. काळ्या दारूचा मळ ओल धरून लोखंड खातो, म्हणून त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि तेलाचा हात द्या. पुन्हा भरताना मात्र ते तेल पुसायला विसरू नका, नाहीतर बार फुसकाच जायचा.

निवडणुका लागल्या की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागू शकतात. नेण्याआधी गज घालून पहिली खाच पाहा, आणि पावती परवान्याबरोबर ठेवा.