पालकसभेत बोलणार कोण?

सहामाही परीक्षा आटोपली की शाळाशाळांतून पालकसभेची निमंत्रणे घरोघर जातात. सभेचा शिरस्ता ठरलेला असतो. शिक्षक बोलतात, पालक ऐकतात आणि ज्याच्याविषयी हे सारे चाललेले असते तो विद्यार्थी एक तर वर्गाबाहेर उभा असतो, नाही तर मान खाली घालून आईबापांशेजारी बसलेला असतो. मुलाला वगळून मुलाचा न्यायनिवाडा करण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की, तीत काही वावगे आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

कायद्यातही हा अंतर्विरोध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकांना पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, आकलनशक्ती व प्रगती यांची माहिती द्यायला सांगते. म्हणजे सांगणारा शिक्षक, ऐकणारा पालक आणि मूल हा केवळ चर्चेचा विषय. त्याच कायद्याचे कलम २९ मात्र मूल भयमुक्त असावे व त्याला आपली मते मोकळेपणी मांडता यावीत, असा आग्रह धरते. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे बारावे कलमही मुलाला स्वतःसंबंधीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क देते. पालकसभेच्या दाराशी येताच या दोन्ही कलमांचा सर्वांना विसर पडतो.

अमेरिकेतील अनेक शाळांतून गेली काही दशके एक निराळी पद्धत रूढ होत आली आहे. तेथे सभा विद्यार्थीच चालवतो. आपल्या वह्या, चित्रे, प्रयोगांच्या नोंदी यांतून तो काही काम निवडतो. उत्तम जमलेले एक, फसलेले एक आणि चुकून पुन्हा केलेले एक, अशी त्याची निवड असते. ते समोर ठेवून आपण काय शिकलो, कोठे अडलो, पुढे काय करणार, हे तो आईवडिलांना समजावून देतो. शिक्षक शेजारी बसून लागेल तेथे भर घालतात आणि शेवटी तिघे मिळून पुढील सत्राचे उद्दिष्ट ठरवतात. आपल्याकडील २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाला स्थान दिले आहे. तेव्हा ही कल्पना परकी म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही.

समाजवादी कार्यकर्त्याने मात्र या प्रश्नाकडे केवळ अध्यापनतंत्र म्हणून पाहता कामा नये. पालकसभेची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. पगारदार पालकाची त्यात फार तर अर्ध्या दिवसाची रजा जाते, तर रोजंदारीवरील बाईचा दिवसाचा रोज बुडतो. रोज बुडू नये म्हणून ती आली नाही, की तिच्या नावापुढे ‘पालक उदासीन’ असा शेरा पडतो. रोज बुडवून आलीच, तर ‘घरी अभ्यास घ्या, लक्ष द्या’ एवढेच तिला ऐकायला मिळते. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या आणि आईने शाळेचे तोंडही न पाहिलेल्या घरात अभ्यास कोणी व कोठे घ्यावा, याचे उत्तर कोणी देत नाही. ती अपराध्यासारखी येते आणि अपराध्यासारखीच परत जाते.

तिचीच मुलगी जर वही उघडून बोलू लागली, तर चित्र पालटते. प्रगतिपुस्तकातील श्रेणी त्या आईला वाचता येणार नाही, पण किराणा दुकानाचा हिशेब मुलगी कसा करते, शेताचे क्षेत्रफळ कसे काढते, हे तिला कळते, तपासता येते आणि त्यावर प्रश्नही विचारता येतो. घरच्या बोलीत चाललेल्या या संवादात अक्षरशत्रू ठरवली गेलेली बाई प्रथमच परीक्षक होते. शिक्षकालाही एरवी न दिसणारी मुलगी दिसते.

या पद्धतीत एक मोठा धोकाही आहे. ‘मी नीट लक्ष देत नाही, मी आळशी आहे, यापुढे सुधारेन,’ असे वदवून घेण्यापुरती ती राबवली, तर दारिद्र्याचा व शाळेच्या दुरवस्थेचा सारा दोष मुलाच्या गळ्यात बांधण्याचे ते साधन ठरेल. भरमसाट शुल्क घेणाऱ्या शाळांत तिचा समारंभ होईल आणि मुले पाठ केलेली भाषणे म्हणून दाखवतील. म्हणून हा जमाखर्च दुहेरी असला पाहिजे. ‘मी काय शिकलो’ या रकान्याशेजारी ‘मला काय मिळाले नाही’ हा रकाना हवा. प्राथमिक वर्गांत साधारणतः तीस मुलांमागे एक शिक्षक, पाचवीपर्यंत वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस, ग्रंथालय, पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, एवढे तर कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेले आहे. यातले आपल्या शाळेत काय नाही, हे तेथे रोज बसणाऱ्या मुलाइतके कोणाला ठाऊक असणार?

राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया भरवल्या. सरकारी हजेरीपटावरील नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या आणि त्यांतील खोटेपणा उघडा पडला. माहितीच्या अधिकाराच्या चळवळीला त्यातून बळ मिळाले. कागद ज्यांच्याविषयी असतो त्यांच्यासमोर तो उघडा झाला पाहिजे, हे तत्त्व प्रगतिपुस्तकालाही लागू आहे. महाराष्ट्राला तर याहून जुना वारसा आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. विद्यार्थिनीला बोलू दिले, तर ती स्वतःपुरते न बोलता आपल्या समाजाचे गाऱ्हाणेही मांडते, याचा तो पुरावा आहे.

शिक्षकांचा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. प्रत्येक मुलाला पंधरा-वीस मिनिटे द्यायची, तर वेळ आणायचा कोठून? जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांवर लादू नयेत, असे कायद्याचे कलम २७ सांगते. त्याची अंमलबजावणी होऊन रिक्त पदे भरली गेली, तर वेळ निघू शकेल. या मागणीत पालकांनी शिक्षकांच्या पाठीशी उभे राहावे. मुले बोलू लागली म्हणून शिक्षकांना शत्रू मानण्याची चूक कोणी करू नये.

कार्यकर्त्यांना यासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही. सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहेच. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असे कलम २१ म्हणते. ही समिती बहुधा कागदावर राहते. तिच्या बैठकीला जाऊन तीन ठराव मांडावेत. विद्यार्थ्यांनी चालवायच्या सभा मजुरांच्या सोयीने संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी घ्याव्यात. बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीची कुटुंबे फडावर निघण्यापूर्वी एक सभा व परतल्यावर दुसरी व्हावी. मुलांनी दुसऱ्या रकान्यात नोंदवलेल्या उणिवा इतिवृत्तात घेऊन शाळा विकास आराखड्यात समाविष्ट कराव्यात. या उणिवांपैकी काय दूर झाले, हे पुढच्या सत्रात त्याच मुलांनी सभेपुढे वाचून दाखवावे.

आपल्या हक्काचा हिशेब मागायला दहाव्या वर्षी शिकलेले मूल विसाव्या वर्षी मुकादमापुढे आणि ग्रामसभेत गप्प बसणार नाही. येत्या सत्रात प्रत्येक तालुक्यातील निदान एका शाळेत हा प्रयोग सुरू करण्याचे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे.