दमलेल्यांना आणखी दमवू नका

कल्याण-डोंबिवलीतल्या आमच्या कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांत माणसं दमून येतात आणि जास्त दमून घरी जातात. हे मी चिडून लिहितोय. बाहेरच्यानं लिहिलं असतं तर त्याला उडवून लावता आलं असतं. मी याच मंडळ्यांत वाढलो, त्यामुळे माझं ऐकावं लागेल.

सोमवार ते शनिवार या माणसांचे काय हाल होतात ते पाळकांना ठाऊक नाही असं नाही. पहाटे उठून डबा, मग फलाट, मग लोकलच्या दारात लोंबकळणं. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली, चौघांचा त्याच दिवशी जीव गेला. दुसऱ्या दिवशी त्याच दारांत पुन्हा माणसं उभी होती, कारण कामावरची हजेरी चुकवणं परवडत नाही. हा माणूस रविवारी देवाच्या घरात येतो. तिथे तरी त्याला कुणी हजेरी विचारू नये! पण तिथेही ती आहेच.

कोळसेवाडीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर उपासना भरते. तिथल्या भिंतीवर मी एक तक्ता पाहिला. डावीकडे नावं, वरच्या बाजूला वार, आणि रकान्यांत लाल पेनानं बरोबरच्या खुणा. उपास कोणी धरला, पहाटे पाचच्या झूमवरच्या प्रार्थनेला कोण हजर होतं, कोणी किती अध्याय वाचले. एका नावापुढची अख्खी ओळ कोरी होती. ती बाई भांडुपच्या एका दवाखान्यात रात्रपाळी करते. पहाटे पाचला ती म्हाताऱ्या पेशंटांची अंथरुणं बदलत असते. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा प्रार्थनासभेत सगळ्यांदेखत तिला ऐकवण्यात आलं की ताई, तुमच्या घरात प्रार्थना कमी पडतेय. ती मान खाली घालून रडली. सभेनं मोठ्यानं आमेन म्हटलं.

त्या आमेनची मला लाज वाटते. हा ख्रिस्ती विश्वास नव्हे. येशूनं सर्वांत कडक शब्द वापरले ते जकातदारांसाठी नव्हेत, वेश्यांसाठी नव्हेत. लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादून स्वतः बोटही न लावणाऱ्या धर्मगुरूंसाठी वापरले. मत्तयाच्या 23व्या अध्यायात ते जसेच्या तसे आहेत. आणि त्याच मत्तयाच्या 11व्या अध्यायात तो कष्टानं वाकलेल्यांना आपल्यापाशी बोलावतो आणि विसावा देईन म्हणतो. त्याआधी किती उपास केलेस, किती अध्याय वाचलेस, असं तो कुणालाच विचारत नाही.

तक्ता ठेवणारे बायबलमध्ये नाहीत असं मात्र नाही. निर्गमच्या 5व्या अध्यायात फारो आहे. गुलामांनी देवाची उपासना करायला सुट्टी मागितली, तर त्यानं त्यांचा पेंढा बंद केला आणि विटांचा आकडा तोच ठेवला. वर त्यांना आळशी ठरवलं. पुढे अनुवाद या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा येते, तेव्हा देव तिचं कारणच ते सांगतो: तुम्ही मिसरात गुलाम होता, म्हणून तुमच्या दासानं, दासीनं, बैलानंसुद्धा त्या दिवशी विसावा घ्यायचा. आमच्या शब्बाथशाळेत पोरांकडून ही आज्ञा तोंडपाठ करून घेतात. मग मोठ्यांच्या रविवारी सकाळची उपासना, दुपारी तीनची मीटिंग, संध्याकाळी घरोघरी भेटी, हे सगळं कुठून आलं?

कष्टानं देवाची मर्जी कमावण्याच्या या दमछाकीवर पंडिता रमाबाईंइतक्या अधिकारानं मराठीत दुसरं कुणी बोलू शकलेलं नाही. जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थामागून तीर्थ पायी हिंडलं. पुराणं सांगितली, व्रतं केली, होतं नव्हतं ते दान केलं, आणि दुष्काळात उपाशी पडलं. आईवडील गेले, बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं चालत चालत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. हा भाग आमचे प्रचारक फार आवडीनं सांगतात, कारण त्यात दुसऱ्यांच्या धर्मातले कष्ट दिसतात. पुढचा भाग ते गाळतात. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी धर्मशास्त्र शिकून घेतलं, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. आणि तरीही शांती नव्हती. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलं. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, 1891च्या सुमारास, त्यांनी आपली लायकी सिद्ध करण्याची धडपड सोडली आणि तारण फुकट मिळतं हे रिकाम्या हातांनी कबूल केलं. तीर्थयात्रेची दमछाक रमाबाई चर्चमध्येही घेऊन आल्या होत्या. ती आता उतरली.

आता लगेच कोणीतरी उठून म्हणेल, बंधू, तुम्ही लोकांना आळशी करताय. हा आक्षेप मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर तयार आहे, आणि तेही रमाबाईंचंच. शांती मिळाल्यावर ही बाई हात जोडून बसली का? 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली-बायका आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, 1900च्या दुष्काळानंतर ते आणखी वाढलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीनं बायबल मराठीत आणलं. तिथल्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवले, छापलं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या आणि तो ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. एवढा कामाचा डोंगर कुणी देवाची मर्जी विकत घ्यायला उपसत नाही. ती मर्जी आधीच मिळालेली आहे हे पक्कं कळलेला माणूसच असं काम करू शकतो, कारण त्यातलं काही फसलं तरी तो देवाच्या घरातून बाहेर पडत नाही.

कवी नारायण वामन टिळकांकडेही बघा. त्यांची शाळेची सुरुवातीची काही वर्षं आपल्या कल्याणातच गेली. 1893 मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला, 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते उघड सांगत. पुण्याचा हिशेब सोडून पांडुरंगाच्या पायांवर भार टाकायचा, हे मराठी माणसाला संतांनी आधीच शिकवलेलं होतं. ज्या भाषेत आई होऊन देव उचलून घेतो, त्या भाषेत प्रार्थना करणाऱ्यांनी भिंतीवर हजेरीचा तक्ता लावावा, याचा मला संताप येतो.

दशमांशावरून चालणारा धाक तर याहून वाईट. पगाराचा दहावा भाग आला नाही तर घरात आजार येईल, असं व्यासपीठावरून बोललेलं मी कानांनी ऐकलंय. समोर रिक्षा चालवणारे होते, कपड्यांना इस्त्री करणारे होते. याला मी खंडणी म्हणतो.

प्रार्थना करावी, उपास करावा, दान द्यावं. मीही करतो. पण पोर बापाच्या मांडीवर झोपतं ते त्याची परवानगी काढून नव्हे. 127वं स्तोत्र तर सरळ सांगतं की पहाटे लवकर उठून आणि रात्री उशिरापर्यंत जागून कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे; देव आपल्या लाडक्यांना झोप देतो. वादळात होडी बुडायला आली तेव्हा येशू उशी घेऊन झोपला होता, हे मार्कानं मुद्दाम उशीसकट लिहून ठेवलंय. रात्रपाळी करून आलेली ती बाई रविवारी उपासनेत शेवटच्या बाकावर पेंगते. माझ्या मते त्या खोलीत देवावर सर्वांत जास्त भरवसा तिचाच आहे. तिला कोपरानं ढोसून जागं करणारी शेजारीण मला आवडत नाही.

पाळकसाहेब, तुम्हीही दमला आहात हे मला दिसतं. तुमच्यावरही वरून आकडे मागणारे कोणीतरी आहेत. त्यांना एकदा नाही म्हणा. आणि वाचणाऱ्या बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी दुपारी तीनची मीटिंग असेल तर जाऊ नका. जेवा आणि आडवे व्हा. कुणी कारण विचारलं तर शब्बाथ पाळतोय म्हणून सांगा.